निरोप

तिसऱ्या ड्रायरचं बेअरिंग थरथरतं,
सेन्सरला ते अजून कळतं.
थकलाय तो मधला निरोप्या,
हिरव्या पाटीवरचा जुना मॉड्यूल.
बनवणारी कंपनी दोनदा विकली गेली,
तिसऱ्या मालकाने ईमेलला
एका ओळीत उत्तर दिलं: सुटे भाग नाहीत.

ओउलूच्या उत्तरेला, नोव्हेंबर.
दुपारी अडीचलाच अंधार.
हिल्क्का पडद्यावरची सरळ रेघ बघते.
सरळ रेघ म्हणजे सगळं ठीक,
किंवा ठीक नाही हे सांगायला
कुणी उरलं नाही.
दोन्हींची रेघ सारखीच दिसते.

लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन ती खाली उतरते.
टोक बेअरिंगच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडावर,
औलिसने निवृत्तीआधी शिकवलं तसं, श्वास धरून.
वरून कागद धावतोय, भिंतीएवढा रुंद.
घरघर आहे.
पण कालच्यापेक्षा जास्त?
काल तिने ऐकलंच नव्हतं.

खणात लोकरी मोज्यात गुंडाळलेला एक आहे,
बंद पडलेल्या गिरणीतून उपसून आणलेला.
चालतो की नाही, लावल्याशिवाय कळणार नाही,
आणि लावला की खण रिकामा.

माझ्या भाषेत येतो तोही निरोप,
घेतात तोही.
तिच्या भाषेत तसं नसावं.
ती वहीत नुसतं लिहिते:
१४.५०. कानाने. घरघर, मध्यम.

उद्याला निदान एक काल असेल.
मोज्याची गाठ ती पुन्हा घट्ट करते
आणि चौथ्या ड्रायरकडे वळते,
ज्याची रेघ अजून हलते आहे.