कि.मी. ६११.४

बडोद्यात समुद्र नाही.
आमच्या ऑफिसात, गोरव्याला, तिसऱ्या मजल्यावर
त्याचे एकशे बारा तक्ते चिकटवलेत.
भिंत पुरली नाही म्हणून काही दारावर,
त्यामुळे दार उघडलं की खंडाचा उतार मोडतो.
रंग निळा नव्हे, राखाडी.
जहाजाखालून आवाज सोडायचा, परत येईल तो टिपायचा,
त्या यंत्राला सोनार म्हणतात.
आई म्हणाली, मग बरोबर, त्यानंच कान टोचावेत.

नऊ वर्षं मी एकच रेघ ओढतेय
या किनाऱ्यापासून त्या देशाच्या किनाऱ्यापर्यंत.
केबल अजून वीतभरही पडलेली नाही.
रेघ मात्र चौदा वेळा हलली.
प्रवाळासाठी. एका बुडालेल्या गलबतासाठी.
एकदा कोळ्यांच्या सभेत मागून एक म्हातारा उठला,
तुमची तार दीड मीटर खाली,
माझा नांगर चिखलात दोन मीटर जातो,
आता बोला.
बोलण्यासारखं नव्हतं. हलवली.

पलीकडे सालिमा आहे. तिचं घड्याळ दीड तास मागे.
आमच्याकडे कुकर चढतात
तेव्हा तिच्या छपरांवर अजून ऊन असतं,
एवढ्यावरच तर हा सगळा खटाटोप.
दोन्ही देशांच्या विजेचे ठोके सेकंदाला पन्नासच,
पण पाऊल एक नाही.
म्हणून मधे एकदिश प्रवाह, ठोकाच नसलेला,
आणि दोन्ही काठांवर दोन दुभाषी,
प्रत्येकी एका चाळीएवढे.

कलम चौदा: वाटेत जी साडेतीन टक्के वीज
तारेतच तापून जाईल, ती कोणाच्या खात्यावर?
दोन वर्षं झाली.
अर्धी-अर्धी? सालिमा पडद्यावरून विचारते.
विचारून सांगते, मी म्हणते.
मीही, ती म्हणते.

विश्वामित्री शहरात शिरली त्या आठवड्यात
दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत गुडघ्यावर पाणी होतं.
आमच्या बाजूला लाईट, समोर अंधार,
फीडर वेगळे.
समोर हर्षिदाबेन. गटाराच्या फरशीवरून
सहा वर्षं आमचं बोलणं बंद.
त्यांच्या सासऱ्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये.
आईनं कपडे वाळत घालायच्या काठीला वायर बांधली
आणि गॅलरीतून काठी पुढे केली.
बराच वेळ ती तशीच हवेत होती,
आईचा हात थरथरत,
खाली कोणाची तरी पाण्याची टाकी वाहत चाललेली.
मग समोरून एक हात आला.
फक्त हात, बांगड्यांसकट.

पाचव्या दिवशी पाकीट आलं. अडतीस रुपये.
आईनं मीटर पाहिला, पाटीवर हिशेब केला,
चार रुपये परत पाठवले.
बोलणं त्यानंतरही सुरू झालं नाही.
वायर कोणी काढली नाही.
अजून आहे, तिच्यावर कबुतरं बसतात.

काल संध्याकाळी हद्दीचा तक्ता उघडला.
कि.मी. ६११.४.
खोली: तीन हजार बत्तीस मीटर.
तळ: मऊ गाळ.
अडथळा: नाही.
इथे त्यांचं संपतं आणि आमचं सुरू होतं,
किंवा उलट.
गाळावर एका कसल्यातरी किड्याची वाट उमटलीय,
हद्दीच्या अलीकडून पलीकडे, थोडी वाकडी,
परवाना न घेता.

सालिमाच्या तक्त्यात हीच जागा कि.मी. ५०७.९ आहे.
ती तिच्या किनाऱ्यापासून मोजते.
साहजिक आहे, मीही माझ्याच मोजते.
तासभर आम्ही दोघी एकाच बिंदूवर बोट ठेवून
वेगवेगळे आकडे म्हणत होतो,
आणि मधेच तिला हसू आलं, मग मलाही.

दोन्ही आकडे छापायचे ठरलं.
कोणाचा वर, ते उद्याच्या बैठकीत.
तक्ता पंधराव्यांदा प्रिंटरमध्ये टाकला
तर राखाडी शाई संपलेली.
किरणभाई नवी आणायला अलकापुरीला गेलेत.
मी खिडकीशी. बाहेर मे महिना,
आणि समोरच्या इमारतीत
एकेक करून दिवे लागताहेत.