पावणेदोन ग्रॅम

धरणगावात दिवाळीनंतर हवेतच रुई असते.
जिनिंगचा भोंगा व्हायच्या आधी
ती दाराच्या कडीवर बसलेली, चहाच्या सायीवर,
आणि आमच्या तबकड्यांवर तर हक्काने.
हवा इतकी कोरडी
की पाकिटातून तबकडी काढताना
बोटाला चट्‌ असा बारीक चटका बसतो
आणि खोलीतली सगळी तुसं
माहेरी निघाल्यासारखी तिच्याकडे धावतात.

सुपडू साऊंड सर्व्हिस. तीस वर्षं.
दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, तीनशे बारा तवे.
एरंडोलपासून चोपड्यापर्यंत
यांच्या कर्ण्याशिवाय हळद लागायची नाही.
त्याच कर्ण्याखाली बसून बसून
यांचे कान गेले.

मी कॉलेजात रसायनाची प्रयोगशाळा सांभाळली.
काय कशात विरघळतं ते मला कुणी सांगू नये.
शेजारीण म्हणाली, खोबरेल लावा.
तिचा दीर म्हणाला, रॉकेल.

पाणी डिस्टिल्ड, स्टँडवरच्या अस्लम बॅटरीवाल्याकडचं.
चार भागांना एक भाग आयसोप्रोपिल,
साबणाचा एक थेंब.
दुसरा पडला तर सगळं ओतून द्यायचं, पहिल्यापासून.
लाखेच्या जुन्या तव्यांना स्पिरिट लावायचं नाही,
त्यांना नुसतं पाणी, तेही घाईघाईने.
लेबलावर डब्याचं झाकण दाबून
मऊ कुंचला खाचेच्या वाटेने न्यायचा,
गोल गोल.
आडवा गेला की गाणं खरवडलं.

पहिलं पाणी काळं निघालं.
दुसरं पिवळं.
मी परातीत चिमूटभर सोडा टाकला.
लाल झालं.
हळदच होती.
कुठल्या मांडवातली, कोणत्या सालातली,
कुणाच्या ओल्या हातांनी
हे गाणं लावा, ते लावा म्हणत तवा उचलला असेल.
त्या मुलींना आता नातवंडं असतील.
परात मोरीत ओतताना
मी उगाचच जरा थांबले.

रात्री ताटाळ्यात तबकड्या निथळत होत्या
आणि आम्ही भाकरी हातावर घेऊन जेवलो.

जुनं कार्ट्रिज सात ग्रॅमने रेटायचं,
काळ्या रानात फाळ घातल्यासारखं.
नवं पुण्याहून आलं, काड्यापेटीहून लहान,
टोकाला लंबगोल घासलेला हिरा.
तो खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालतो,
तळातल्या गाळात पाय घालत नाही.
दाब पावणेदोन ग्रॅम, असं कागदावर.
आता पावणेदोन ग्रॅम आमच्याकडे
कोण मोजणार?
विसपुते सराफांनी पोराबरोबर काटा पाठवला,
वर निरोप,
वहिनी, सोनं दुसरीकडून घेतलंत वाटतं.

दारं बंद. पंखा बंद.
सुई टेकवली.

काहीच नाही.

हे पुढे झुकले. "सुई बसली नाही."
बसली आहे, मी मानेने सांगितलं.
"मग फुटाणे कुठं गेले?"

तेव्हा मला कळलं.
यांच्या कानांतून बारीक सगळं गळून गेलं होतं,
उरली होती ती जाड तडतड.
गाणं येतंय,
हे यांना तीच सांगायची.
आणि मी आठवडाभर कंबर मोडून
तीच धुऊन काढली होती.

थांबा, मी बोटाने दाखवलं. फिरतेय.
यांनी पेटीच्या लाकडावर तळवा ठेवला.
तानपुऱ्याचा खर्ज आधी तिथून चढला असावा.
मला मात्र त्याच्याही आधी
बाईंनी घेतलेला श्वास ऐकू आला,
आणि लांब कुठेतरी
कुणीतरी कप बशीत ठेवला तो.
"हाई ते मी कधी ऐकंच नव्हतं," हे म्हणाले,
मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.
श्वास बुडाला त्यात. कपही.

तीनशे अकरा राहिल्यात.
एक तशीच राहू दे म्हणालेत.
कोणती, ते सांगत नाहीत.
म्हणून रोज एक पाकिटातून काढते, यांच्यापुढे धरते,
आणि हात ओले करण्याआधी
थोडा वेळ तोंडाकडे बघते.