नऊ मीटर

ल्होटका गावाच्या अलीकडे रस्ता उगाचच वळतो.
अकरा वर्षं बस चालवतोय मी या वळणावर,
गिअर कुठे बदलायचा ते हाताला पाठ आहे.
डाव्या बाजूला लिंडनचं झाड, झाडाखाली दगड,
वर बिडाचा क्रूस, खाली सन अठराशे सहासष्ट.
पडले त्रेचाळीस. नावं एकोणीस.
मग एक ओळ: आणि इतर.

नावांचा सोनेरी रंग उडालाय.
"आणि इतर"चा अजून शाबूत.

ओताकार रस्ते खात्याचा माणूस, गवत कापतो.
दगडाला लागून यंत्र चालत नाही,
तेवढं तो विळ्यानं काढतो, गुडघ्यांवर बसून.
बसमधल्या बायकांना वाटतं, भाविक आहे.
खाजरा पाला मनगटाला लागलेला असतो
आणि तो शिव्या घालत असतो.

जुलैत एका रविवारी लढाई परत होते.
पांढऱ्या डगल्यात तालुक्याचा दंतवैद्य: ऑस्ट्रिया.
निळ्या डगल्यात विमा विकणारा एकजण: प्रशिया.
बिटाच्या शेतात पाय न टाकता लढायचं,
असं शेतमालकानं लेखी घेतलेलं.
बार उडतात, धूर होतो, पोरं कान झाकतात,
साडेचारला मेलेले उठतात, पँट झटकतात
आणि बियरच्या रांगेत उभे राहतात.
शेवटी पुष्पचक्र. दगडाला. सगळे टोप्या काढतात.

दगडाखाली कोणी नाही.

हे मला ओताकारनं सांगितलं,
टायर पंक्चर झाला होता त्या दिवशी,
दोघं जॅकवर वाकलेलो असताना, सहज.
बहात्तर साली रस्ता रुंद केला.
क्रेनवर त्याचा बाप होता.
सकाळच्या कॉफीआधी दगड उचलला,
नऊ मीटर उत्तरेला नेऊन ठेवला,
ओळंबा लावून, अगदी सरळ.
कागदावर लिहिलं: स्मारक हलवले.
माणसांचं काय, असा रकानाच नव्हता.
"त्यांची बदली झाली नाही,"
म्हातारा म्हणायचा, तिसऱ्या ग्लासानंतर.
चौथ्यानंतर म्हणायचा नाही.

म्हणजे ते कुठे आहेत, तर माझ्या थांब्याखाली.
सिमेंटची शेड, एक बाक, फाटलेलं वेळापत्रक.
मी दार उघडतो तिथेच कुठेतरी
एखाद्याचा खांदा असेल, पट्ट्याचं बक्कल,
घरून आलेलं, न वाचलेलं काहीतरी.
मी हल्ली ब्रेक हळू दाबतो.
त्यानं काय होणार? काही नाही.

झ्दिस्लावाबाईला हे आधीपासून माहीत असावं.
दर गुरुवारी सात वीसच्या बसला ती,
मांडीवर टोपली, टोपलीत बहिणीसाठी अंडी.
शेडच्या कोपऱ्यात ती लाल काचेतली मेणबत्ती लावते,
मग तिकिटाचे सुटे पैसे मोजते.
तिला विचारलं, कुणासाठी?
"इथे वारा लागत नाही," एवढंच म्हणाली.

आता जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटतं, अपघात झालाय.
मोटरसायकलवाले वेग कमी करतात.
कुणी एक हातमोजा ठेवून गेलं, डाव्या हाताचा,
कुणी कापडी ससा, पावसानं फुगलेला.
एक परका ट्रकवाला खाली उतरला,
बराच वेळ उभा होता डोकं झुकवून,
मग मला विचारलं, "लहान होता का?"
मी म्हणालो, "हो.
बरेचसे लहानच होते."
त्याला वाटलं, माझी भाषा कच्ची आहे.

ऑक्टोबरात खात्याचं पत्र आलं:
थांब्यावरील अनधिकृत वस्तू काढून टाकाव्यात.
ओताकार आला, पिवळं जाकीट, हातात पोतं.
इंजिन चालू ठेवून मी बघत होतो.
त्यानं काचा एकेक उचलल्या,
बाहीनं काजळी पुसली,
सशाचं पाणी पिळलं,
आणि सगळं बाकामागे, हातभर अंतरावर,
नीट ओळीत मांडलं.
पोतं रिकामंच घडी करून खिशात.

मग बॉनेटवर कागद ठेवून
माझ्याकडून पेन मागितलं.
केलेली कार्यवाही, असा रकाना होता.
त्यात त्यानं लिहिलं: हलवले.