भूतबंगला, बोरीच्या पात्रात

अमळनेरच्या यात्रेत मी भूत होतो, पंधरा रात्री.
काम सोपं: अंधारात उकिडवं बसायचं,
ट्रॉली आली की ओली अंबाडी
गालांवरून फिरवायची.

भीती माझ्याकडे नव्हतीच. ती बाहेर,
सुपडूभाऊच्या भोंग्यात.

"पारोळ्याचा रस्ता. रातचे दोन.
कापसाचा ट्रक थांबला.
बाई एकटी, हातात कंदील.
ड्रायव्हर म्हणे, बस. ती बसली.
एक गाव गेलं, दुसरं गेलं,
कंदील मात्र
काचेबाहेर, ट्रकच्या पुढं पुढं..."

इथे तो पाणी प्यायचा. सावकाश.
रांगेत गोडशेवेचा पुडा उघडा तसाच,
हात पुड्यात, तोंड उघडं.
"मग त्यानं बाजूला वळून पाहिलं, तर..."
आणि घंटा.
ट्रॉली आत.

अंबाडी लागायच्या आधीच किंकाळी.
कधीकधी माझीच.

शेवटच्या रात्री पत्रे उतरवताना विचारलं,
"भाऊ, मंग काय व्हयनं? बाजूले कोन व्हतं?"
तो खिळे डब्यात टाकत राहिला.
एक. दोन.
मग उठून जनरेटर बंद केला.

सगळं पात्र काळं.
वाळूवर पावलं, की नाहीत.

"भाऊ?"