तीन पिवळे, दोन पांढरे

बटण दाबलं की आधी पंखा किंचाळतो,
मग गप्प.
मग कोपऱ्यातला दिवा डोळे मिचकावतो:
तीन पिवळे, दोन पांढरे.
जरा थांबून पुन्हा तीन पिवळे, दोन पांढरे.
पडदा काळाच.
त्यात माझा चेहरा, घामेजलेला,
मागे खिडकीत शेचाळीस अंशांचं ग्वाल्हेर.

काल दुपारीच कळायला हवं होतं.
मांडी भाजत होती, तापल्या तव्यासारखा वास येत होता,
मी खाली पोळपाट सरकवला आणि काम रेटलं,
कारण बिर्लानगरहून छेदीलाल आले होते,
बंद गिरणीतले, स्पिनिंग खात्यातले,
हयातीचा दाखला काढायला.
त्यांचा अंगठा यंत्राला पटेना.
सूत ओढून ओढून रेषाच गेलेल्या.
ओल्या फडक्यानं पुसला, फुंकर घातली,
दुसरा अंगठा, मग तर्जनी.
सातव्या खेपेला हिरवी खूण येणार
तोच हा विझला.
छेदीलाल म्हणाले, "बेटी, मैं गया कि ये गया?"
दोघंही हसलो. मी जरा जास्तच.

रात्री पुण्याहून भाऊ फोनवर:
चार्जर काढ, बॅटरी काढ, बटण तीस सेकंद दाबून धर.
धरलं. तीस मोजले, वर माझे दहा.
तीन पिवळे, दोन पांढरे.
रॅम काढ, खोडरबरनं पूस.
मुलाच्या कंपासमधलं रबर, त्याला स्ट्रॉबेरीचा वास.
पुसली. खटकन बसवली.
तीन पिवळे.
"फ्रिजमध्ये नको हं ठेवूस," तो म्हणाला
तेव्हा फ्रिजचं दार माझ्या हातात होतं.
"नवीन घे गं सरळ."
एका दाखल्याचे पन्नास.
बेचाळीस हजार म्हणजे आठशे चाळीस अंगठे,
तेही रेषा असलेले.
हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, बघते.

नया बाजारात, चपलांच्या दुकानावरती,
एका खोलीत गुंजन कुशवाह बसते.
वय असेल तेवीस. बोलत नाही फारसं.
दहा स्क्रू काढले, गजकच्या डब्याच्या झाकणात
जसे मशीनवर होते तसेच मांडले,
झाकणावर जणू लॅपटॉपचा नकाशा.
मग पंखा उचलला आणि जाळीमागून
चिमट्यानं ओढून काढली
एक राखाडी पट्टी, नमद्यासारखी घट्ट.
माझ्या तळहातावर ठेवली.
रजईचा कापूस होता त्यात, हिवाळ्यात रजईवरच तर काम चालतं,
आणि म्हाताऱ्यांच्या कोरड्या बोटांना मी लावते ती पावडर,
एक लांब केस, माझाच,
बाकी ह्या गावाची धूळ.
सात वर्षांचं घर, पापडाएवढं.
"साँस ही नहीं ले रहा था," ती म्हणाली,
आणि मला उगाच ओरडा बसल्यासारखं झालं.

चिपवरची पेस्ट डबीतल्या चुन्यासारखी वाळलेली.
लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यानं खरवडली,
मुगाएवढा नवा ठिपका टाकला,
स्क्रू नकाशावरून परत गावी गेले.

एक पांढरा. स्थिर.
पंखा इतका हळू की मी कान खाली नेला.
पडदा उजळला, आणि वर तारीख:
एक जानेवारी, दोन हजार सोळा.
"घडी का सेल भी गया है. चालीस रुपये."
आतला सेल मेला की मशीन जुन्या दिवसाला धरून बसतं,
कोणी सांगेपर्यंत.
तारीख दुरुस्त करताना मनात आलं,
ह्या तारखेचा दाखला ऑफिसला चालला नसता.
तेव्हा तर सगळेच हयात होते.

घरी येऊन फोन लावला.
घंटी वाजली, वाजत राहिली, मी मोजायला लागले,
सवयच लागलीय दोन दिवसांत.
अकराव्या घंटीला: "हलो, कौन?"
उद्या सकाळी लवकर या, म्हटलं, ऊन चढायच्या आत.
आणि लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली
चार बाटल्यांची झाकणं ठेवली.
गुंजन म्हणाली होती,
बस, इतनी जगह चाहिए.