सीझन नसताना

डॉक्टर बिरादार म्हणाले, आठ दिवस समुद्रावर जा,
पाणी बघत बसा, मग गोळ्या कमी करू.
उदगीरहून समुद्र म्हणजे एक रात्र, अर्धा दिवस
आणि वर कुणाची तरी सोबत.
सोबत आता नाही.
आपल्या मुलखात सागर एकच, पैठणला,
तोही धरणाचा.

षष्ठीची जत्रा उठून तीन आठवडे झालेले.
आकाशपाळण्याचे खड्डे अजून बुजले नव्हते,
एका खड्ड्यात कुत्री व्यालेली.
लॉजवर मी एकटीच.
अंबऋषी, म्हणजे मालक, मॅनेजर आणि आचारीही तोच,
म्हणाला, "चुकीच्या टायमाला आलात बाई.
पक्षी गेले. कारंजं बंद हाय. बोट उलथी पडलीय."
आणि अर्ध्या भाड्यात पाण्याकडची खोली दिली.

खिडकीत पाणी नव्हतं.
मैलभर गाळ होता, भेगाळलेला,
आणि त्यात कुणीतरी लावलेली टरबुजं.

दोन रात्री तशाच गेल्या.
डोळे मिटले की मी अजून टपाल लावते:
औसा, निलंगा, देवणी, जळकोट,
खणाखणात पाकिटं,
आणि एक पाकीट हातात राहतं
ज्याच्यावर पत्ता नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन टाळायला रजियाबींच्या मागावर गेले.
मागाखाली ओलं पोतं.
"हवा सुकली की रेशीम रुसतं," त्या म्हणाल्या.
पदरावर मुनिया चालली होती,
सकाळपासून बोटभर.
"गिऱ्हाईक असलं की हात पळतो.
आता बगा, आपल्या मर्जीनं चाललाय."
मला एक कांडी धरायला दिली.
दोन तास धरली.
मुनियाचा डोळा म्हणजे लाल धाग्याचा एवढासा फेर,
तो होईपर्यंत
कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

संध्याकाळी अंबऋषी म्हणाला, "चला, माझं गाव दाखवतो."
गाळातून चालत गेलो, चपला हातात.
चार पायऱ्या, एक जोतं,
जमिनीत रुतलेलं उखळ.
"दर चैताला वर येतं. आषाढात परत खाली.
लोकांचा सीझन थंडीत, आमचा आता."
त्याचा जन्म धरणानंतरचा.
हे घर त्यानं नुसतं असंच बघितलेलं, बिनभिंतीचं.
तरी मला म्हणाला, "इथं बसा, ही ओसरी.
तिथं नको, ती चूल."
मी पदर सावरून ओसरीवर बसले.

दरवर्षी तो उखळातला गाळ काढतो.
यंदा काढला नाही.
आत टिटवीची चार अंडी होती, चिखलाच्याच रंगाची,
आणि टिटवी आमच्या डोक्यावरून
ओरडत, शिव्या देत, फिरत होती.
"हिला कोण सांगणार," तो म्हणाला,
"घर कुणाचं ते."
आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी
माझ्या हसण्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

मग पाण्याच्या कडेला जाऊन पाय सोडले.
लाट म्हणावी असं काही नव्हतं.
वारा आला की पाणी पाऊलभर पुढे यायचं
आणि विचार बदलल्यासारखं मागे जायचं.
एक पाणकावळा पंख वाळत घालून उभा.
मीठ नाही, गाज नाही, क्षितिजाला ऊसतोडीनंतरची काळी शेतं.

उरलेले दिवस रोज तिथेच गेले.
ओसरीवर बसायचं, चूल सोडून.
टिटवीनं पाचव्या दिवशी ओरडणं बंद केलं,
मान वाकडी करून बघायची नुसती.

झोपेचं विचाराल तर लॉजवर नाहीच आली.
आली ती परतीच्या बसमध्ये.
अहमदपूर गेलं ते कळलं नाही,
उदगीरही गेलं.
कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा
बाहेरच्या पाट्या कानडीत होत्या.
"कुठं जायचं होतं बाई?"
मी फरकाचं तिकीट काढलं
आणि सांगितलं, राहू द्या, शेवटपर्यंत चला.