काडी

पुढे दहा. पुढे आठ. उजवीकडे दोन.
पायलटला खालचं काही दिसत नाही,
त्याच्यासाठी समुद्र म्हणजे माझा आवाज.
मी दारात पालथा, छाती निम्मी बाहेर,
हातमोज्यातून केबल सरकते
आणि केबलच्या टोकाला साबेला.

पहिल्या वर्षी आमारो तिला तलावात बुडवायचा.
खरंच बुडवायचा.
शंभर किलोचं धूड, गळ्याला मिठी मारून तळाशी जायचं,
आणि ती स्वतः सुटेपर्यंत सोडायचं नाही.
"बुडणारा माणूस जिना शोधत असतो, पोरी.
तू जिना होऊ नकोस. मागून जा."
मग डोळ्यांवर पट्टी, पत्र्याचा डबा उलटा,
पट्टा सोड, खिडकी चाचप, बाहेर ये,
पुन्हा बस.
नाकातोंडात पाणी जाणं हा तिथे वाक्प्रचार नव्हता,
वेळापत्रक होतं.

बुडत्याला काडीचा आधार, म्हणतात लोक.
काडीला पोहायला कोण शिकवतं ते म्हणत नाहीत.

फेब्रुवारीत, फिस्तेराच्या पश्चिमेला,
'नोवा मारुशा' कुशीवर झोपली होती.
सहा माणसं पाण्यात.
हूक आधी लाटेला टेकवायचा,
केबलमधली वीज समुद्राला द्यायची,
मगच माणसाला.
एक आला. दोन आले. तिसरा माझ्या बुटांवर ओकला
आणि माफी मागत राहिला.
पाच आले.
सहावा दोसिन्दो, बोटीवरचा आचारी,
एका हातात माशांच्या खोक्याचं झाकण,
दुसऱ्या हातात चष्मा.
चष्मा सोडेना, म्हणून हात पट्ट्यात जाईना.
साबेलाने चष्मा हिसकून आपल्या गळपट्टीत खुपसला.
ते मला वरून दिसलं.

तेवढ्यात अंगठ्याला काहीतरी टोचलं.
केबल. तुटलेल्या तारा.
मी म्हणालो, थांब.
शिकवलंय तसंच म्हणालो.

तिने हात उभा केला: मी ठीक आहे.
आम्ही वळलो. पाच माणसं, अकरा मिनिटांचं इंधन,
आणि माझं तोंड आपोआप:
मागे शंभर, मागे दोनशे, मागे
आकडे संपले.

दुसरं हेलिकॉप्टर पन्नास मिनिटांनी पोचलं.
ती सांगते, तेवढ्या वेळात दोसिन्दोने तिला
ऑक्टोपस कसा शिजवायचा ते सांगितलं:
उकळत्या पाण्यात तीनदा बुडवून काढायचा,
मगच पूर्ण सोडायचा.
चौथ्यांदा सांगताना त्याची जीभ अडखळू लागली,
तेव्हा ती ओरडली, मीठ किती? मीठ किती टाकायचं?

तो जगला. आता चष्म्याला दोरी बांधतो.
साबेला तलावात नवीन पोरांना बुडवते,
मी कधीकधी काठावर बसतो.
केबलबद्दल तिने कधी विचारलं नाही.

अहवालात मी लिहिलं, दोन तारा तुटलेल्या.
हातमोजा जाड होता, बोटं गारठलेली.
एक असेल कदाचित.